लहानपणीचं 'हॉबिट' पुन्हा वाचायचंय? मग घाई न करता असं वाचा

सातवीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात मी टोल्किनचं 'द हॉबिट' पहिल्यांदा वाचलं, इंग्रजीतनं, मांडीवर डिक्शनरी घेऊन, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर बसून. निम्मे शब्द कळत नव्हते तरी सोडवत नव्हतं. गोष्ट अशी, बिल्बो नावाचा छोटासा, घरबशा हॉबिट तेरा बुटके आणि गॅन्डाल्फ जादूगार यांच्यासोबत स्मॉग नावाच्या ड्रॅगननं बळकावलेलं सोनं परत आणायला निघतो. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं ते पुस्तक मी परत उघडलं नाही, पण कुणी विचारलं की आवडतं पुस्तक कुठलं तर नाव तेच सांगायचे. गेल्या पावसाळ्यात अकरा वर्षांच्या भाचीला सोबत घेऊन ते परत वाचलं, आणि एवढं काय काय हाती लागलं की कुणाला आपलं लहानपणीचं पुस्तक परत वाचायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतेय. उदाहरणं सगळी हॉबिटची आहेत, पण तुमचं पुस्तक दुसरं असलं तरी रीत हीच चालेल.

मला कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते. आपण ज्याला आवडतं पुस्तक म्हणतो ते निम्मं लेखकाचं असतं आणि निम्मं आपण इतक्या वर्षांत मनात घोळवून घोळवून बनवलेलं असतं. परत वाचताना ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायची, खरी मजा तिथंच आहे, आणि त्यासाठी थोडी तयारी लागते.

पुस्तक उघडू नका, आधी आठवण लिहून काढा

ही पायरी कुणीही चुकवू नका, कारण पहिलं पान वाचलं की ही संधी गेली, परत मिळत नाही. एक साधी वही घ्या, वीस मिनिटं बसा आणि जे आठवतंय ते आठवेल त्या क्रमानं लिहा. प्रसंग लिहा, कोण आवडायचं कोण आवडायचं नाही ते लिहा, कुठं बसून वाचलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, तेही लिहा. नेटवर बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

माझ्या वहीत असं होतं: गोल हिरवं दार. तेरा बुटके एकामागनं एक येतात आणि बिल्बोची कोठी रिकामी करतात. अंधारातली कोडी. पिंपांत बसवून नदीतनं पळून जाणं. बिल्बो ड्रॅगनला मारतो. शेवटची मोठी लढाई, त्यात बिल्बो तलवार घेऊन उभा. आणि त्याच्याखाली माळ्यावरच्या वाळवणाचा वास, आजी खालनं हाक मारतेय आणि मी ओ देत नाही.

यातल्या दोन गोष्टी चक्क चूक निघाल्या. स्मॉगला मारतो तो बार्ड, तळ्यावरच्या गावातला तिरंदाज, बिल्बो तेव्हा तिथं नसतोच. बिल्बोनं काय केलेलं असतं, तर ड्रॅगनशी बोलत बोलत त्याच्या छातीवरची उघडी जागा बघून ठेवलेली असते, ती एका पक्ष्याच्या कानावर पडते आणि तो पक्षी बार्डला जाऊन सांगतो. आणि लढाईत तर ऐन वेळी बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटपलेलं असतं! तीस वर्षं मी त्या बिचाऱ्याच्या हातात तलवार देऊन ठेवली होती. बारा वर्षांच्या मला तो जिंकायला हवा होता, म्हणून मी त्याला जिंकवला. हे कळलं तेव्हा पुस्तकाइतकंच त्या वयातल्या स्वतःबद्दल कळलं, आणि ते या वहीशिवाय कधीच कळलं नसतं, कारण वाचायला लागलं की आपल्याला वाटतं हे तर आठवतच होतं की.

सिनेमा नंतर

हॉबिटवर तीन सिनेमे आले, २०१२, २०१३ आणि २०१४ मध्ये. ते बघायचे असतील तर वाचून झाल्यावर बघा, आणि आधीच बघितले असतील तर आठवणीच्या वहीत वेगळ्या पानावर लिहा की हे सिनेमातलं असू शकतं. सिनेमातला लेगोलास पुस्तकात नाही, त्याचा बाप तेवढा आहे आणि त्याचंही नाव दिलेलं नाही. टॉरिएल तर सिनेमासाठीच तयार केलेली. चित्रं डोक्यात एकदा बसली की मूळ वाक्यांना जागा राहत नाही, म्हणून सांगते.

प्रत कुठली घ्यायची

जुनी स्वतःची प्रत असेल तर तीच घ्या, तिचा वास, तिच्यावरचे डाग, सगळं कामाला येतं. माझी प्रत शाहूपुरीत भावाच्या घरी तळमजल्यावर होती आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात भिजली. पाणी उतरल्यावर आम्ही ती चिखलासकट उचलून गच्चीवर कडक उन्हात उघडी टाकली, आणि तिथंच चुकलं, पानं वाकडी होऊन एकमेकांना घट्ट चिकटली, नकाशाचं पान सोडवताना मधनं फाटलं.

भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं ते आता नीट माहीत आहे म्हणून इथंच सांगून टाकते, कोल्हापुरात याची गरज कधी पडेल सांगता येत नाही. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात हळूच धुवायचं. जबरदस्तीनं उघडायचं नाही. ते उभं करून ठेवायचं, वीस-पंचवीस पानांमागं एक कोरा शोषून घेणारा कागद घालायचा (पेपरची रद्दी नको, शाई उठते), कागद ओले झाले की बदलत राहायचे आणि पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवायचं. दोन दिवसांत वाळत नसेल तर बुरशी धरायला लागते, अशा वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि सवडीनं एकेक काढून वाळवायचं. पुरात लाईट नसते हे मान्य, पण ज्या नातेवाइकांकडं लाईट आहे त्यांच्या फ्रीजरमध्ये चार पुस्तकं मावतात की.

नवी प्रत घ्यायची तर हॉबिटपुरतं दोन गोष्टी बघा. एक, दोन्ही नकाशे आहेत का, थ्रोरचा डोंगराचा आणि मोठ्या जंगली मुलखाचा, आणि त्यावरची अक्षरं वाचता येतात का. दोन, सुरुवातीला रुन्स लिपीबद्दलची टीप आहे का. नकाशावरची ती काटेरी अक्षरं म्हणजे साधं इंग्रजीच आहे, जुन्या अँग्लो-सॅक्सन लिपीच्या वळणानं लिहिलेलं, आणि त्या टिपेच्या आधारानं पोरांना ते सोडवता येतं. माझ्या भाचीनं दोन दिवस घरातल्या प्रत्येकाचं नाव रुन्समध्ये लिहिलं, फ्रीजवर अजून चिकटवलेलं आहे. मी आधी ऑनलाइन एक स्वस्तातली प्रत मागवली होती ती नक्कल निघाली, नकाशा म्हणजे काळा ठिपका आणि मधली सोळा पानं गायब. पैसे वाचवायचे असतील तर त्यापेक्षा लायब्ररीत विचारा. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, अशा जुन्या वाचनालयांत नाव घातलेलं कधीही चांगलं. हॉबिटचा मराठी अनुवादही झालेला आहे, मिळाला तर दोन्ही जवळ ठेवा, एखादं पान इंग्रजीत वाचून मग मराठीत वाचलं की लहानपणी काय कळलं नव्हतं ते लगेच दिसतं.

वेळेचा हिशोब

हॉबिट साधारण ९५ हजार शब्दांचं आहे, १९ प्रकरणं. मनात वाचायचं तर मिनिटाला दोनशे शब्दांनी आठ तास, मोठ्यानं वाचायचं तर साडेदहा-अकरा तास. म्हणजे रोज एक प्रकरण धरलं तर मोठ्यानं वाचायला सरासरी अर्धा-पाऊण तास आणि एकोणीस दिवस. पण प्रकरणं सारखी नाहीत, पहिलं आणि आठवं लांबलचक आहे, ती दोन दिवसांत फोडा.

एका बैठकीत संपवू नका. लहानपणी आपण आधाशासारखं वाचलेलं असतं, आता थांबत वाचलं की मधल्या वेळेत ते डोक्यात शिजतं. आम्ही जुलैत वाचलं, रोज रात्री जेवणं झाल्यावर, बाहेर धो धो पाऊस आणि फोन सगळे आतल्या खोलीत. दोन रविवारी सकाळी रंकाळ्यावर नेऊन वाचायचा प्रयत्न केला पण वारं आणि कणसाच्या गाड्या, कुणाचंच लक्ष लागेना, ते सोडून दिलं. कंदील किंवा एकच दिवा लावून वाचता आलं तर जरूर करा, गुहेतली प्रकरणं आहेत त्यात.

पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचं नाही. फार तर पेन्सिलीनं समासात बारीक टिंब, जिथं थबकलो तिथं. का थबकलो ते नंतर.

मोठ्यानं वाचा, पोर असेल तर पोराला

हे पुस्तक मुळात मोठ्यानं वाचण्यासाठीच आहे, टोल्किननी आधी आपल्या मुलांना सांगितलेली गोष्ट ती. आणि छापायचं की नाही हे ठरवताना प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला, हस्तलिखित वाचायला दिलं, एक शिलिंग मेहनताना देऊन. त्यानं लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. सप्टेंबर १९३७ मध्ये ते आलं. म्हणजे पोराचं मत महत्त्वाचं मानून सुरू झालेलं पुस्तक आहे हे, तेव्हा सोबत पोर असेल तर त्याचं ऐका.

इंग्रजीतनं वाचत असाल तर प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत बसू नका. मी पहिल्या दिवशी तसं केलं आणि भाची जांभया द्यायला लागली. दुसऱ्या दिवसापासनं एक परिच्छेद इंग्रजीत, मग त्याचं मी आपल्या बोलीत सांगायचं, असं केलं तेव्हा गाडी रुळावर आली. प्रत्येक बुटक्याला वेगळा आवाज द्यायच्या भानगडीत पडू नका, तेरा आवाज कुणालाच जमत नाहीत. बुटक्यांचा म्होरक्या थोरिन, त्याला भारदस्त, गुहेत राहणारा विचित्र प्राणी गॉलम, त्याला घशातला, बाकीच्यांना एकच.

गाणी गाळू नका. मी लहानपणी सगळी गाणी ओलांडून पुढं गेले होते. आता मोठ्यानं वाचल्यावर लक्षात आलं की पहिल्या रात्री बुटके अंधारात ते हरवलेल्या सोन्याचं गाणं म्हणतात तेव्हाच बिल्बोच्या मनात काहीतरी हलतं, ते गाळलं तर तो घर सोडून का निघतो हेच कळत नाही. चाल माहीत नसली तरी ओवीच्या लयीत म्हणा, चालतं.

पाचवं प्रकरण वेगळं काढून ठेवा

अंधारातल्या कोड्यांचं प्रकरण. हे एका रात्री, एका दमात, आणि शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी.

आम्ही असं केलं. कोडं आलं की मी पुस्तक मिटायची आणि भाचीला ओळखायला लावायची. डोंगर तिला आला नाही, वारा आला, अंधार आला नाही, अंडं लगेच आलं. मग ती म्हणाली, "आत्ती, आता मी घालतो, तू ओळख." (आमच्यात पोरी अशाच बोलतात, मी जातो, मी करतो.) मला म्हणाली, सूपभर लाह्या, त्यात एक रुपया. हे मला माझ्या आजीनं घातलेलं कोडं, तिला तिच्या आईकडनं आलेलं. मी मुद्दाम थोडं थांबून म्हटलं, चांदण्या आणि चंद्र. त्यावर ती पुढं सरकून एकदम हळू आवाजात, "मग माझ्या खिशात काय आहे सांग?" आणि गप्प. पुढं काय येणार हे तिनं अजून ऐकलेलंच नव्हतं! बिल्बो अगदी हेच विचारतो, त्याच्या खिशात गुहेत सापडलेली गॉलमची अंगठी असते, आणि ते खरं तर कोडं नसतंच, त्यावरनंच सगळं बिनसतं. मी पुढचं पान वाचलं तेव्हा ती उठूनच बसली. तुमच्या घरची कोडी आधी आठवून ठेवा, या रात्री लागतील.

आता याच प्रकरणाची दुसरी गंमत, जी मला मोठेपणीच कळली. आपण वाचतो ते हे प्रकरण मूळ १९३७ चं नाहीच. पहिल्या आवृत्तीत गॉलम अंगठी बक्षीस म्हणून द्यायचं कबूल करतो, हरतो, मग अंगठी सापडत नाही म्हणून चक्क माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवून देतो. दोघं चांगल्यापैकी निरोप घेतात. पुढं याच गोष्टीचा पुढचा भाग, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', लिहिताना ती अंगठी भयंकर वस्तू झाली, मग ती कुणी अशी सहज देऊन टाकेल कसं? म्हणून टोल्किननी १९४७ मध्ये नवीन पद्धतीनं लिहून नुसता नमुना म्हणून प्रकाशकाला पाठवलं, आणि पुढं प्रुफं हातात आली तेव्हा त्यांना दिसलं की ते छापायलाच घेतलंय. १९५१ च्या आवृत्तीपासनं तेच चालू आहे. आणि जुन्या मजकुराचं काय, तर त्यांनी तेही वाया घालवलं नाही, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनेत सांगून टाकलं की आधीची हकीकत ही बिल्बोनं मित्रांना सांगितलेली थाप होती.

करायचं काय, तर आधी हातातल्या प्रतीतलं प्रकरण वाचा, आणि जमलं तर जुना मजकूर मिळवून शेजारी ठेवा. डग्लस अँडरसन यांनी संपादित केलेल्या टिपांसहितच्या हॉबिटमध्ये तो दिलेला आहे. दोन्ही वाचल्यावर मला गॉलमबद्दल वाईटच वाटलं, पहिल्यात तो नुसता विचित्र, एकटा प्राणी आहे जो खेळात हरल्यावर शब्द पाळतो. तुमच्या लाडक्या पुस्तकाच्याही आवृत्त्या बदलल्यात का ते जरूर बघा, मुलांच्या पुस्तकांत हे लई वेळा होतं.

टिंबांकडं परत जा

सगळं वाचून झालं की आठवड्याभरानं पेन्सिलीची टिंबं बघत जा. माझी टिंबं सगळी शेवटच्या चार-पाच प्रकरणांत निघाली, जी लहानपणी मला कंटाळवाणी वाटली होती, ड्रॅगन मेल्यावर आता काय उरलंय म्हणून मी ती भराभर उलटली होती.

आणि उरलेलं तर तिथंच आहे. ड्रॅगन मेल्यावर सगळे जण त्या सोन्याच्या वाटणीवरनं भांडायला लागतात. थोरिन, जो एवढा मानी आणि शूर, तो एका रत्नापायी, आर्केनस्टोनपायी, वेडापिसा होतो. ज्या घरात जमिनीची वाटणी झालीय त्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, ऊस कुणाच्या वाट्याला आणि विहीर कुणाच्या, यावरनं सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात हे आपण बघितलेलं असतं. बिल्बो काय करतो, तर ते रत्न गुपचूप नेऊन समोरच्या बाजूला देतो, भांडण मिटावं म्हणून, आणि मग पळून न जाता त्याच रात्री परत थोरिनकडं येतो. उद्या शिव्या खाव्या लागणार हे माहीत असून. लहानपणी मला यात काही शौर्य दिसलंच नव्हतं. माझ्या वहीतला तलवारवाला बिल्बो मी इथं खोडला आणि शेजारी लिहिलं, परत आला.

मरताना थोरिन त्याला बोलावतो आणि आपले शब्द मागं घेतो ते पान मोठ्यानं वाचता आलं नाही, भाचीनं वाचलं.

खटकेल तेही लिहा

भाचीनं नवव्या प्रकरणाच्या आसपास विचारलं, "यात पोरी कुठायत?" नाहीत. नाव घेऊन उल्लेख असलेली बाई एकच, बिल्बोची आई बेलाडोना टूक, आणि ती गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेली. मी तिला तसंच सांगितलं, सारवासारव केली नाही, त्या काळी असंच असायचं म्हणून विषय झटकलाही नाही. ती म्हणाली मग गॅन्डाल्फ बाई असती तर चाललं असतं की. दोन दिवस आम्ही तसं वाचूनही बघितलं, काही अडलं नाही.

मला स्वतःला सुरुवातीला लेखकाचं मधेमधे येऊन मुलांशी बोलणं खटकलं. तसं तुम्हाला झालं तर तीन प्रकरणं धीर धरा, पुढं ते कमी होतं. स्वतः टोल्किननाही पुढं हा सूर आवडेनासा झाला होता. १९६० मध्ये त्यांनी सगळं हॉबिट मोठ्यांच्या भाषेत नव्यानं लिहायला घेतलं, काही प्रकरणं लिहिली, ओळखीतल्या एका व्यक्तीला वाचायला दिली, तर उत्तर आलं की लिहिलंय सुंदर पण हे हॉबिट नाही. त्यांनी ते काम तिथंच सोडलं. म्हणून म्हणते, तीन प्रकरणांनंतरही मन लागलं नाही तर पुस्तक ठेवून द्या, वर्षभरानं बघा, पण मनातल्या मनात ते दुरुस्त करत वाचू नका.

पुस्तक परत ठेवताना

कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुस्तक भिंतीला चिकटून ठेवायचं नाही, मागं दोन बोटं जागा सोडायची, नाहीतर ओल येते. कसर लागू नये म्हणून कपाटात वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत. डांबरगोळ्या मी टाकत नाही, तो वास पुस्तकाचा स्वतःचा वास मारून टाकतो. आणि दसऱ्यानंतर ऊन पडलं की एक दिवस सगळी पुस्तकं बाहेर काढून सावलीत वारं लावायचं.

ठेवायच्या आधी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तारीख, कुणी कुणाला वाचून दाखवलं आणि बाहेर काय चाललं होतं ते लिहा. आमच्या पानावर माझ्या अक्षरात तारीख आहे, तिच्याखाली 'राजाराम बंधारा ३८ फूट, शाळेला सुट्टी' (ही पंचगंगेच्या पाण्याची पातळी), आणि त्याच्याखाली भाचीनं रुन्समध्ये काहीतरी लिहिलंय, मी अजून ते सोडवलेलं नाही.